लायबेरियन ग्रीनबुल

लायबेरियन ग्रीनबुल हा पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशाच्या पूर्व भागातून नोंदला गेलेला, बुलबुल कुलातील एक लहान अरण्यवासी पक्षी होय. त्याचे शास्त्रीय नाव फायलास्ट्रेफस ल्युकोलेपिस असे असून वुल्फ गॅटर या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १९८५ साली त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९८१ ते १९८४ या काळात कॅव्हाला अरण्यात हा पक्षी नऊ वेळा दिसल्याची नोंद आहे. जानेवारी १९८४ मध्ये मिळालेला एकच नमुना आज उपलब्ध आहे. त्यानंतर हा पक्षी पुन्हा आढळलेला नाही.

बराच काळ ही जाती अतिसंकटग्रस्त, कदाचित नामशेष झालेली मानली जात होती आणि जगातील सर्वांत अपरिचित पक्ष्यांत तिची गणना होत असे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीनंतर मात्र ही स्वतंत्र जाती नसून त्याच अरण्यात सर्रास आढळणाऱ्या इक्टेरीन ग्रीनबुल या पक्ष्याचेच एक असामान्य रूप असावे, असे मत पुढे आले. पक्ष्यांच्या प्रमुख जागतिक याद्यांनी ते स्वीकारले आहे. एखादा पक्षी नामशेष झाला, की तो वेगळा पक्षी म्हणून कधी नव्हताच, या दोन शक्यतांत निवड करण्याची वेळ पक्षिशास्त्रात अनेकदा येते. लायबेरियन ग्रीनबुल हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

नाव

‘ग्रीनबुल’ हा शब्द इंग्रजीत ‘हिरवा’ आणि ‘बुलबुल’ या दोन शब्दांच्या जोडणीतून तयार झाला असून आफ्रिकेतील हिरवट रंगाच्या बुलबुलांसाठी तो वापरतात. महाराष्ट्रात परिचित असलेले लालबुड्या बुलबुल व शिपाई बुलबुल हे याच कुलातील पक्षी होत. परंतु आपले बुलबुल घराच्या अंगणात येतात, डोक्यावरील तुऱ्यामुळे सहज ओळखू येतात आणि माणसाच्या सहवासाला फारसे बुजत नाहीत. आफ्रिकेतील ग्रीनबुलांचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. ते दाट अरण्याच्या अंधाऱ्या थरांत वावरतात. त्यांच्या कित्येक जाती एकमेकींसारख्याच मंद हिरव्या-पिवळ्या रंगाच्या असतात. त्यामुळे अनुभवी निरीक्षकालाही त्या केवळ दर्शनावरून वेगळ्या ओळखणे जड जाते. प्रस्तुत वाद समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

फायलास्ट्रेफस हे प्रजातीचे नाव ग्रीक भाषेतील ‘पान’ व ‘उलटणे’ या अर्थांच्या शब्दांवरून आले आहे. या प्रजातीतील पक्षी पाने उलटीपालटी करून त्यांखालील कीटक शोधतात, असा त्यातील भाव. ल्युकोलेपिस याचा अर्थ ‘पांढऱ्या खवल्यांचा’ असा होतो आणि तो पंखांवरील पांढऱ्या ठिपक्यांना उद्देशून आहे. या पक्ष्याला इंग्रजीत ‘पांढऱ्या पंखांचा ग्रीनबुल’ असेही पर्यायी नाव आहे. ज्याच्याशी त्याचे नाते जोडले जाते त्या इक्टेरीन ग्रीनबुलचे नाव मात्र कावीळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण त्याची खालची बाजू पिवळी असते. नावे ठेवताना शास्त्रज्ञ नेहमीच काव्यात्म असतात असे नाही.

शोध

गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट व घाना या देशांत पसरलेल्या वर्षावनाला ‘अप्पर गिनी अरण्य’ म्हणतात. या अरण्याचा जो भाग आज शिल्लक आहे त्यातील सर्वांत मोठा हिस्सा लायबेरियात आहे. देशाच्या पूर्व सीमेवरून कॅव्हाला नदी वाहते आणि तीच लायबेरिया व आयव्हरी कोस्ट यांना विभागते. या भागातील ग्रँड गेडे परगण्याचे मुख्य ठाणे झ्वेद्रू येथे आहे. झ्वेद्रूच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर, कॅव्हाला अरण्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनक्षेत्रात हा पक्षी नोंदला गेला. येथे सदाहरित वर्षावन आणि निमपानझडी अरण्य यांचा संधिप्रदेश आहे.

गॅटर हे वनशास्त्र आणि पक्षिशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत काम करणारे अभ्यासक होत. जर्मनीतील रांडेकर मार येथील पक्षिस्थलांतर निरीक्षण केंद्राशी त्यांचे नाव निगडित आहे. लायबेरियातील पक्ष्यांवरील त्यांचा सविस्तर ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि त्या देशाच्या पक्षिजीवनावरील तो आजही आधारभूत मानला जातो. म्हणजे नवा पक्षी पाहिल्याचा दावा करणारी व्यक्ती नवखी नव्हती, त्या अरण्यातील पक्षी चांगले ओळखणारी होती. १९८१ पासून तीन-चार वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलेल्या या ठिपकेदार ग्रीनबुलाचे वर्णन त्यांनी जर्मनीतील एका प्रतिष्ठित पक्षिशास्त्रीय नियतकालिकात केले. नमुना बॉन येथील अलेक्झांडर कोनिग प्राणिशास्त्रीय संग्रहालयात ठेवण्यात आला. तो आजही तेथे आहे.

वर्णन

आकार, बांधा व एकूण रंग या बाबतींत लायबेरियन ग्रीनबुल इक्टेरीन ग्रीनबुलसारखाच आहे. वरची बाजू ऑलिव्ह-हिरवी, खालची पिवळी आणि शेपटी तांबूस असते. वेगळेपण आहे ते पंखांत. त्याच्या उड्डाणपिसांच्या टोकांजवळ आणि पंखांवरील आच्छादक पिसांवर ठळक पांढुरके ठिपके आहेत. इक्टेरीन ग्रीनबुलाच्या पंखांवर अशी नक्षी आढळत नाही, आणि म्हणूनच ती पाहून नवीन जातीचा तर्क होणे स्वाभाविक होते. ठिपके एखाददुसऱ्या पिसावर विस्कळीतपणे पडलेले असते तर तो रंगदोष म्हणून सोडून देता आला असता. येथे ते पंखावर ओळीने मांडल्यासारखे दिसतात.

या पक्ष्याच्या घरट्याची, अंड्यांची किंवा पिलांची कोणतीही नोंद झालेली नाही.

प्ररूप नमुना आणि त्याचे महत्त्व

प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या जातीचे नाव एका विशिष्ट नमुन्याशी बांधलेले असते. त्यास प्ररूप नमुना म्हणतात. पुढे त्या जातीच्या व्याख्येबद्दल कितीही मतभेद झाले, तरी नाव कशास लागू पडते याचा निर्णय त्या नमुन्यावरूनच होतो. सामान्यतः नवी जाती ठरवताना प्ररूप नमुन्याबरोबर इतरही अनेक नमुने तपासले जातात. नर, मादी, पिल्लू, वेगवेगळ्या ऋतूंतील पिसारा, निरनिराळ्या ठिकाणचे पक्षी यांची तुलना केल्यावर जातीच्या अंतर्गत किती विविधता आहे हे कळते, आणि त्या विविधतेच्या बाहेर जे उरते त्याला वेगळेपण म्हणता येते.

लायबेरियन ग्रीनबुलच्या बाबतीत ही सोय नव्हती. प्ररूप नमुना हाच एकमेव नमुना होता. एकाच पक्ष्यावरून त्याच्या जातीचे सर्वसामान्य रूप कोणते आणि अपवाद कोणता, हे सांगता येत नाही. पांढरे कावळे किंवा पांढरी पिसे असलेल्या चिमण्या अधूनमधून दिसतात, आणि आपण त्यांना वेगळी जाती मानत नाही, कारण सामान्य कावळे व चिमण्या हजारोंनी आपल्या पाहण्यात असतात. कॅव्हाला अरण्यातील पक्ष्याला मात्र अशी पार्श्वभूमी लाभली नाही. अशा पक्ष्यासाठी लागणारी पुढची पायरी म्हणजे आणखी पक्षी शोधणे. ती पायरी गाठण्यापूर्वीच परिस्थिती बदलली.

यादवी युद्ध आणि शोधमोहिमा

डिसेंबर १९८९ मध्ये लायबेरियात यादवी युद्ध पेटले. पहिले युद्ध १९९७ पर्यंत व दुसरे १९९९ ते २००३ या काळात चालले. या काळात देशाच्या पूर्वेकडील अरण्यांत अभ्यासासाठी जाणे अशक्यप्राय होते. युद्धाचा खर्च भागविण्यासाठी लाकडाचा व्यापार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला, आणि त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००३ साली लायबेरियाच्या लाकूड निर्यातीवर बंदी घातली. ती २००६ साली उठविण्यात आली. अशा तऱ्हेने जो पक्षी एकाच अरण्यातून माहीत होता, त्या अरण्यात जवळजवळ दोन दशके कोणी पक्षी मोजण्यास जाऊ शकले नाही, आणि त्याच काळात त्या प्रदेशातील वृक्षतोड सुरू राहिली. निसर्गसंवर्धन क्षेत्रातील मंडळींना हा पक्षी कायमचा हरवला अशी भीती वाटणे साहजिक होते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली ती याच पार्श्वभूमीवर.

शांतता प्रस्थापित झाल्यानंतर २०१० आणि २०१३ साली कॅव्हाला अरण्यात खास या पक्ष्यासाठी शोध घेण्यात आला. पंखांवर पांढरे ठिपके असलेला एकही ग्रीनबुल मिळाला नाही. यावरून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकत होता. पक्षी नामशेष झाला असेल तर तो सापडणार नाही, आणि तो मुळात वेगळी जाती नसेल तरीही सापडणार नाही. न सापडणे हा पुरावा या दोन शक्यतांमध्ये भेद करू शकत नव्हता. वाट उरली ती बॉनच्या संग्रहालयातील त्या एका नमुन्याकडे परत जाण्याची.

डीएनए तपासणी

योगायोग असा, की ज्या वर्षी लायबेरियन ग्रीनबुलचे वर्णन प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, म्हणजे १९८५ साली, डीएनएच्या सूक्ष्म अंशाच्या असंख्य प्रती काढण्याच्या पॉलिमरेज साखळी अभिक्रियेविषयीचा पहिला शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. या तंत्रामुळेच पुढे संग्रहालयातील वाळलेल्या कातड्यांपासून माहिती मिळवणे शक्य झाले. गॅटर यांनी वर्णन लिहिले तेव्हा पक्षिशास्त्रज्ञापुढे रंग, मोजमापे, आवाज व वर्तन एवढीच साधने असत.

लायबेरियन ग्रीनबुलच्या नमुन्याची तपासणी स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन विद्यापीठाचे अनुवंशशास्त्रज्ञ मार्टिन कॉलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. निष्कर्षाची शहानिशा व्हावी म्हणून जर्मनीतील ड्रेस्डेन येथील प्राणिशास्त्रीय संग्रहालयातही स्वतंत्रपणे तपासणी करण्यात आली. एकमेव नमुन्याच्या बाबतीत ही काळजी घ्यावीच लागते. जुन्या कातड्यातील डीएनए तुटलेला व अल्प असतो, आणि प्रयोगशाळेतील दुसऱ्या एखाद्या पक्ष्याच्या डीएनएचा संसर्ग झाला तर भलताच निष्कर्ष निघू शकतो. दोन प्रयोगशाळांत एकच उत्तर आले, तर ही शंका बरीच कमी होते.

दोन्हीकडे उत्तर एकच आले. इतर ग्रीनबुल जातींचा डीएनए परस्परांपासून स्पष्टपणे वेगळा होता, परंतु लायबेरियन ग्रीनबुल आणि इक्टेरीन ग्रीनबुल यांच्यात जाती वेगळ्या ठरविण्याइतका फरक सापडला नाही. संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्या नियतकालिकात बत्तीस वर्षांपूर्वी या जातीचे वर्णन छापले गेले होते, त्याच नियतकालिकाने हा निबंधही छापला. लेखकांमध्ये स्वतः वुल्फ गॅटर यांचे नाव आहे. आपण शोधलेल्या जातीचे स्वतंत्र अस्तित्व संपविणाऱ्या संशोधनात सहभागी होण्याचा हा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल.

पांढरे ठिपके कोठून आले?

डीएनएच्या निष्कर्षाने एक प्रश्न सुटला, पण ठिपक्यांचे स्पष्टीकरण त्यातून आपोआप मिळत नाही. संशोधकांच्या मते सर्वांत संभाव्य कारण म्हणजे पिसे वाढत असताना पक्ष्याला पडलेली पोषणाची उणीव.

पिसाला हिरवट, तपकिरी किंवा काळी छटा देण्यात मेलॅनिन या रंगद्रव्याचा मोठा वाटा असतो. ते पक्ष्याच्या शरीरात अमिनो आम्लांपासून तयार होते आणि पीस वाढत असतानाच त्यात उतरते. पीस पूर्ण वाढल्यावर ते निर्जीव होते आणि त्यात नव्याने रंग भरता येत नाही. त्यामुळे वाढीच्या काळात काही दिवस जरी आवश्यक घटक कमी पडले, तरी त्या दिवसांत तयार झालेला पिसाचा भाग फिका किंवा पांढरा राहतो, आणि पिसे पुन्हा झडून नवी येईपर्यंत तसाच दिसत राहतो. टर्की या पाळीव पक्ष्याच्या खाद्यातून लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडले तर पंखांच्या गडद पिसांवर पांढरे पट्टे उमटतात, हे कुक्कुटपालनाच्या अभ्यासातून पूर्वीच सिद्ध झाले आहे. युरोपातील शहरांत माणसाच्या टाकाऊ अन्नावर वाढलेल्या कावळ्यांच्या पंखांवरही असे पांढरे पट्टे दिसतात. तेथील नवख्या निरीक्षकांना हा कावळा वेगळ्या जातीचा आहे की काय असा प्रश्न पडतो.

ठिपक्यांची ओळीने झालेली मांडणीही याच मार्गाने समजते. प्रौढ पक्ष्याची पिसे टप्प्याटप्प्याने झडतात व उगवतात, पण घरट्यातील पिलाच्या पंखांवरील पिसे जवळजवळ एकाच वेळी वाढत असतात. त्या काळात एखादा आठवडा उपासमारीचा गेला तर त्याची खूण प्रत्येक पिसावर साधारण सारख्याच उंचीवर राहते. लाकडाच्या आडव्या छेदावर जशी एका दुष्काळी वर्षाची वर्तुळाकार खूण सर्वत्र सारखी उमटते, तसाच हा प्रकार आहे. पंख मिटले की या खुणा शेजारी शेजारी येतात आणि निसर्गाने मुद्दाम काढलेल्या नक्षीचा भास होतो.

निष्कर्षावरील आक्षेप

वरील स्पष्टीकरण बहुतेकांना पटले असले तरी काही मुद्दे उरतातच. पहिला मुद्दा नऊ नोंदींचा आहे. पोषणाच्या उणिवेमुळे आलेला दोष एका पक्ष्यात असणे समजू शकते, पण तो एकाच अरण्यात चार वर्षांच्या अवधीत नऊ वेळा कसा दिसला? यावर असे म्हणता येईल, की नऊ वेळा दिसणे म्हणजे नऊ पक्षी असणे नव्हे. ग्रीनबुलांसारखे पक्षी आपला प्रदेश सहसा सोडत नाहीत, त्यामुळे तोच पक्षी वा त्याची भावंडे पुन्हा पुन्हा दिसली असतील. परंतु नमुना मिळविण्यात आलेला पक्षी १९८४ चा आहे, आणि पिसे दरवर्षी बदलत असल्याने एकाच उपासमारीची खूण अनेक वर्षे टिकू शकत नाही. पूर्वीच्या वर्षांतील नोंदींना ही अडचण लागू पडते. ठिपके अनुवंशिक असतील, म्हणजे इक्टेरीन ग्रीनबुलच्या स्थानिक गटात उतरलेला एखादा दुर्मिळ रंगभेद असेल, तर ही अडचण बरीचशी दूर होते. जाती वेगळी नसल्याचा निष्कर्ष त्यामुळे बदलत नाही.

दुसरा मुद्दा तत्त्वाचा आहे. डीएनएचे निवडक तुकडे सारखे असले म्हणजे दोन जाती एकच ठरतात काय? उत्तर अमेरिकेतील सोनेरी पंखांचा आणि निळ्या पंखांचा असे दोन वटवटे यासंदर्भात उल्लेखनीय आहेत. दिसण्यात ते एकमेकांहून अगदी भिन्न आहेत. २०१६ साली त्यांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाली, तेव्हा केवळ सहा लहान भागांत ठळक फरक सापडला आणि त्यांतील बहुतेक पिसांच्या वाढीशी व रंगाशी संबंधित होते. तरीही त्यांना दोन जाती मानण्याचा प्रघात कायम राहिला. तेव्हा निवडक भागांतील साम्य हा अंतिम निवाडा मानता येत नाही. मात्र त्या वटवट्यांचे रूप, गाणे आणि प्रदेश यांविषयी शेकडो पक्ष्यांवर आधारलेली माहिती आहे. लायबेरियन ग्रीनबुलच्या बाजूने एका कातड्यापलीकडे काही उभे नाही, आणि ज्या पुराव्यावर जाती उभी करायची तो देण्याची जबाबदारी ती आहे असे म्हणणाऱ्या पक्षावर येते. त्या दृष्टीने पाहता आजच्या याद्यांनी घेतलेली भूमिका योग्यच वाटते.

तत्सम प्रकरणे

एकाच नमुन्यावर उभारलेल्या जाती प्रत्येक वेळी बादच होतात असे नाही. भारतीय वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मोठ्या चोचीच्या बोरू वटवट्याचे आहे. ॲलन ह्यूम यांना १८६७ साली सतलज नदीच्या खोऱ्यात, आजच्या हिमाचल प्रदेशातील रामपूरजवळ, तो एकदाच मिळाला. शतकाहून अधिक काळ त्या एका कातड्यावरून वाद चालू राहिला आणि हा नेहमीच्या बोरू वटवट्याचाच एखादा विचित्र पक्षी असावा असे अनेकांना वाटे. २००२ साली डीएनए तपासणीने ती स्वतंत्र जाती असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर चारच वर्षांनी, मार्च २००६ मध्ये, थायलंडमध्ये बँकॉकजवळ फिलिप राउंड यांच्या जाळ्यात तो जिवंत सापडला, आणि पुढे ईशान्य अफगाणिस्तानातील वाखान भागात त्याचे विणीचे क्षेत्रही उघड झाले. लायबेरियन ग्रीनबुलवर वापरले गेले तेच साधन, तीच संग्रहालयातील कातडी, पण उत्तर नेमके उलट.

लिव्हरपूल येथील संग्रहालयातील ठिपकेदार हिरव्या कबुतराची कथाही अशीच आहे. अठराव्या शतकात वर्णन झालेल्या या कबुतराचा एकच नमुना आज शिल्लक आहे. तो निकोबारी कबुतराचा विकृत रंगाचा पक्षी असावा असा संशय दीर्घकाळ होता. २०१४ साली डीएनएवरून ती वेगळी, आता नामशेष झालेली जाती ठरली आणि निकोबारी कबूतर तिचे सर्वांत जवळचे नातेवाईक असल्याचे दिसले.

याउलट रॉथशिल्ड यांनी १८९५ साली नाव दिलेला मधल्या रूपाचा एक पोपट ठिकाण अज्ञात असलेल्या मोजक्या कातड्यांवरूनच माहीत होता. तो उत्तर भारतातील असावा असे मानले जाई. १९९९ साली पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो करड्या डोक्याचा हिमालयी पोपट आणि जांभळट-तांबड्या डोक्याचा पोपट यांचा संकर असल्याचे दाखविले. याच रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९९७ मध्ये महाराष्ट्रातील शहाद्याजवळ, ११३ वर्षे न दिसलेला रानपिंगळा पुन्हा शोधून काढला होता.

सोमालियातील बुलो बुर्ती येथे १९८८ साली आढळलेल्या एका खाटकाच्या नात्यातील पक्ष्याचे उदाहरण मात्र या सर्वांहून निराळे आहे. हा पक्षी दुर्मिळ असणार म्हणून त्याला मारण्यात आले नाही. पकडून, अभ्यासून, रक्त व पिसांचे नमुने घेऊन त्याला १९९० साली पुन्हा सोडून देण्यात आले, आणि १९९१ च्या वर्णनात त्याला ‘मुक्त केलेला’ या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. २००८ साली तो त्या भागातील एका काळ्या पक्ष्याचाच रंगभेद असल्याचे दिसून आले. जाती टिकली नाही, पण प्ररूप नमुन्यासाठी जीव घेतलाच पाहिजे काय, ही चर्चा त्या पक्ष्याने जी सुरू केली ती आजही चालू आहे.

कॅव्हाला अरण्य

एखाद्या अतिसंकटग्रस्त जातीचे एकमेव निवासस्थान, ही ओळख अरण्याच्या संरक्षणासाठी मोलाची असते. निधी, अभ्यासदौरे आणि शासनाचे लक्ष अशा नावांमागे येते. म्हणूनच लायबेरियन ग्रीनबुलचे नाव यादीतून गेल्यास कॅव्हाला अरण्याचे काय, हा प्रश्न शास्त्रीय वादाइतकाच महत्त्वाचा ठरला. संशोधकांना त्याची जाणीव होती. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच जातीच्या वर्गीकरणाबरोबर कॅव्हाला अरण्याच्या संवर्धनमूल्याचा उल्लेख आहे. ग्रीनबुल वगळला तरी जागतिक पातळीवर संकटग्रस्त असलेल्या इतर पक्ष्यांमुळे हे अरण्य जपण्याजोगेच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

अप्पर गिनी अरण्याच्या पट्ट्यात पांढऱ्या छातीचा गिनीकोंबडा व पांढऱ्या मानेचा पिकाथार्टिस हे दुर्मिळ पक्षी राहतात. खुजा पाणघोडा आणि पश्चिम आफ्रिकी चिंपँझी हे सस्तन प्राणीही तेथे आढळतात. यांच्यापैकी कोणाच्याही स्वतंत्र अस्तित्वाविषयी वाद नाही. शेतीसाठी होणारी जंगलतोड, लाकडाचा व्यापार, खाणकाम आणि मांसासाठी होणारी शिकार यांचा धोका त्यांना आहे, आणि तो पंखांवर ठिपके असोत वा नसोत, इक्टेरीन ग्रीनबुललाही आहे. इक्टेरीन ग्रीनबुल पश्चिम आफ्रिकेपासून काँगो खोऱ्यापर्यंत पसरलेला असल्यामुळे जाती म्हणून तो सध्या सुरक्षित मानला जातो.

नावाची सद्यस्थिती

वर्गीकरणाच्या परिभाषेत फायलास्ट्रेफस ल्युकोलेपिस हे आता फायलास्ट्रेफस इक्टेरिनस या नावाचे कनिष्ठ समानार्थी नाव मानले जाते. इक्टेरीन ग्रीनबुलचे वर्णन बोनापार्ट यांनी १८५० साली केलेले असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव ग्राह्य धरले जाते. समानार्थी ठरलेले नाव मात्र रद्द होत नाही, ते नोंदीत राहते आणि बॉन येथील कातड्याशी बांधलेलेच राहते. पुढेमागे पूर्व लायबेरियात ठिपकेदार ग्रीनबुलांचा स्वतंत्रपणे वीण करणारा गट आढळला आणि तो बॉनच्या नमुन्याशी एकरूप असल्याचे सिद्ध झाले, तर त्याला नवे नाव देण्याची गरज पडणार नाही. गॅटर यांनी १९८५ साली दिलेले नावच त्याला लागू होईल.